साज उतरवताना

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की आमच्या पिंप्राळ्यात लग्नांची नुसती झुंबड उडते. ऊन असं की अंगणातल्या बादलीला हात लावला तर चटका बसतो, आणि त्याच उन्हात लोक फेटे बांधून, जरीच्या साड्या नेसून, घामाने निथळत भर रस्त्यात नाचत असतात. मी ब्लाउज शिवते. या दिवसांत मला मान वर करायला फुरसत नसते. प्रत्येकीला आपलाच ब्लाउज आधी हवा असतो. माप देताना पोट आत ओढून उभ्या राहतात आणि मग फिटिंग घट्ट झालं म्हणून माझ्याशीच भांडतात. यंदाही तेच चाललंय. फक्त लांबून बँडचा आवाज आला की मशीनवरचा माझा पाय थांबतो. मागच्या भिंतीपलीकडे आता घुंगरं वाजतील म्हणून कान तिकडे लागतात, आणि मग आठवतं की तिकडे कुणी नाही.

भिंतीपलीकडे भिकननानांचं पत्र्याचं शेड आहे. नाना लग्नात घोडी नाचवायचे. त्यांच्या दोन्ही लेकी सासरी गेल्या, तेव्हापासून घरात नाना, कमलअक्का आणि चांदणी घोडी अशी तीनच माणसं. घोडीला माणसात धरलं म्हणून हसू नका. अक्का सकाळी पहिला चहा चांदणीला विचारून मग नानांना द्यायच्या, असं मी त्यांना चिडवायचे आणि त्या ते खरं मानून मान डोलवायच्या. पांढरीशुभ्र, कपाळावर करड्या केसांचा भोवरा, पापण्या इतक्या लांब की माझ्या गिऱ्हाइकांनी हेवा करावा. माझ्या स्वयंपाकघराची खिडकी तिच्या गव्हाणीवर उघडायची. खिडकीत केळीची सालं घेऊन उभी राहिले की ती नाक फुरफुरत यायची. ओठ असे मऊ की तळहाताला गुदगुल्या व्हायच्या. उन्हाळ्यात दुपारी कूलरच्या वाळ्याचा वास आणि तिच्या लिदीचा वास एकमेकांत मिसळून घरभर फिरायचा. आमचे हे नाक मुरडायचे. मला मात्र त्या वासात बरं वाटायचं, आजही तो आठवला की बरं वाटतं आणि लगेच वाईट वाटतं.

तिची झूल मी शिवलेली. लाल मखमल, कडेला सोनेरी झालर, मधे आरशांची नक्षी. अक्का शेजारी बसून एकेक आरसा हातात द्यायच्या. तिच्या अंगावर ती पहिल्यांदा घातली तेव्हा गल्लीतल्या बायका बघायला आल्या होत्या. नानांनी डोक्यावर कलगी बांधली, कपाळावर मोत्यांचा पट्टा, पायांत घुंगरं, तोंडात लगाम. घुंगरांचा पहिला पट्टा आवळला आणि चांदणीने जागच्या जागी पाय उचलायला सुरुवात केली. बँड नाही, हलगी नाही. सगळ्या बायका म्हणाल्या, बाई गं, हौसच किती! मीही म्हणाले असेन. आपण शिवलेलं कुणी मिरवत असलं की शिंपिणीला दुसरं काही दिसत नाही.

नानांनी तिला तापीकाठच्या घोड्यांच्या यात्रेतून आणलं होतं, तेव्हा ती अगदी पोरगी होती. नाच शिकवायला तिला धुळ्याकडच्या एका उस्तादाकडे ठेवलं. तिकडे काही महिने राहिली आणि शिकूनच परत आली. लेकीला शिवणक्लासला घालावं तसं नाना ते सांगायचे. तिथे काय करतात, कसं शिकवतात, हे त्यांनी पाहिलं नव्हतं. उस्ताद शिकवताना मालकाला उभं राहू देत नाहीत, असा रिवाज आहे म्हणे. जनावराचं लक्ष विचलित होतं, हे त्याचं कारण सांगतात.

माझ्या भाच्याचं लग्न सावद्याला झालं. केळीवाल्यांचं गाव, त्यामुळे लग्नही तसंच भरघोस. नवरदेव चांदणीवर बसला होता. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंतचा रस्ता काही लांब नाही, पण वऱ्हाडी असे नाचले की टाळी लागायची, म्हणजे लग्नाची, वेळ टळून गेली. मधेच कुणीतरी लाकडी खाट आणली. चांदणी त्या खाटेवर चढली आणि तेवढ्याशा जागेत चारी पाय एकामागून एक उचलत राहिली. लोकांनी शिट्ट्या मारल्या. डांबर इतकं तापलेलं की चपलांना चिकटत होतं. नाना गर्दीतून वाट काढून तिच्या खुरांवर पाणी मारत होते. बँडवाल्याच्या कर्ण्याचं तोंड तिच्या कानाशी होतं. फोटोत ती सुंदर दिसते. मान ताठ, डोळे मोठे, गळ्यावर घामाचा फेस. तो फोटो आमच्या बैठकीत अजून आहे. पाहुणे आले की घोडीचं कौतुक आधी करतात आणि नवरदेवाचं नंतर.

त्या वर्षी लग्नसराई ऐन भरात असताना घोड्यांच्या तपासणीचं पथक आलं. कुठल्याशा गावात घोड्याला ग्लँडर्स नावाचा रोग निघाला होता, म्हणून आसपासच्या सगळ्या घोड्यांचं रक्त घेत होते. पथकातल्या डॉक्टर एक तरुण बाई होत्या, धुळ्याच्या. बोलणं हळू, चालणं हळू, जनावराजवळ जाताना आधी आपला हात हुंगू द्यायची पद्धत. चांदणीने त्यांना पहिल्याच दिवशी आपलं मानलं. रक्त दूरच्या प्रयोगशाळेत गेलं. उत्तर आलं ते वाईट आलं. दुसऱ्यांदा नमुना गेला, तेही तसंच आलं.

डॉक्टरांनी शेडमध्ये उभं राहून सगळं समजावून सांगितलं. या रोगाला इलाज नाही. वरून जनावर धडधाकट दिसतं, आत रोग असतो. दुसऱ्या घोड्यांना होतो, माणसालाही होऊ शकतो, आणि माणसाला झाला तर फार वाईट. कायद्याने जनावराला इंजेक्शन देऊन मरण द्यावं लागतं. त्या बोलत होत्या आणि चांदणी त्यांच्या पिशवीचा पट्टा चघळायला बघत होती.

नानांनी तिचं तोंड हळूच बाजूला वळवलं. मग म्हणाले, "खास, पेस, नाचस. मंग मारानी कसाले?"

खातेपिते, नाचते, मग तिला मारायचं कशाला, याला डॉक्टरांकडे जे उत्तर होतं ते त्यांनी आधीच दिलं होतं. त्यांनी ते पुन्हा दिलं नाही, नुसत्या उभ्या राहिल्या. मला त्यांचं ते उभं राहणं आवडलं. दुसरं कुणी असतं तर घड्याळ बघितलं असतं.

त्यानंतरचे दिवस वाईट गेले. शेडला चुन्याची रेघ मारली. खिडकी बंद ठेवायला सांगितली. चांदणी पलीकडून पत्र्याला नाक घासायची, तो आवाज यायचा आणि मी मशीन जोरात चालवायचे. येणारा-जाणारा नानांना अक्कल शिकवायचा. एक म्हणाला, टेम्पोत घाला आणि सातपुड्याकडे तुमच्या साडूच्या गावी सोडून द्या, कोण शोधायला येतंय. नानांच्या मनात ते आलं नसेल असं मी म्हणणार नाही. एक दिवस त्यांनी टेम्पोवाल्याशी बोलणंही केलं होतं. पण साडूच्या दारात लहान नातवंडं, शेजारी घोडी-खेचरं. नानांनी अक्कांना सांगितलं की आपली लेक वाचवायला दुसऱ्याच्या घरात आग नाही लावायची. टेम्पो आला नाही.

मग ते डॉक्टरांना एवढंच म्हणाले, "एकच सांगस, मॅडम. ती घाबराले नको."

"नाही घाबरणार, नाना. शब्द देते."

शब्द म्हणजे काय, तेही त्यांनी सांगितलं. आधी गुंगीचं औषध देणार, ती झोपेला येणार, आणि पूर्ण झोपल्यावर दुसरं इंजेक्शन. गर्दी नको, आवाज नको, ओढाताण नको. ओळखीच्या माणसाने दोर धरायचा. सगळं तिच्या कलाने. ती शांत असली तर सुई टोचल्याचंही तिला फारसं कळत नाही. नाना एकेक गोष्ट ऐकत होते, लेकीच्या सासरच्या माणसांनी ठरवलेल्या गोष्टी बापाने ऐकाव्यात तसे. त्यानंतर त्यांना दुसरी कसलीच इच्छा उरली नव्हती. रोज सकाळी भिंतीपलीकडून मला तेवढंच सांगायचे, की मॅडमनी शब्द दिलाय.

माझ्या माहेरी, धुळ्याच्या पलीकडच्या खेड्यात, नवसाचा बकरा कापायच्या आधी त्याच्या अंगावर पाणी शिंपडतात. बकरा थरथरला, अंग झाडलं, की देवाने मानलं. थरथरला नाही तर थांबायचं, पुन्हा पाणी शिंपडायचं, देवाची विनवणी करायची. लहानपणी मी हे कितीदा पाहिलंय. बकरा गार पाण्याने शहारला की आया-बाया हात जोडायच्या आणि माझे काका म्हणायचे, झाला राजी. मला तेव्हा ते फार मोठं वाटायचं, की आपल्याकडे जनावराला विचारल्याशिवाय कापत नाहीत. आता वाटतं, विचारत होतो खरं, पण उत्तर आपणच ठरवून ठेवलं होतं. तो बिचारा शहारत होता आणि आम्ही त्याला हो म्हणत होतो. काका काही क्रूर नव्हते. बकऱ्याच्या डोळ्यांवर हात ठेवायचे, सुरी त्याला दिसू द्यायचे नाहीत. त्यांची माया खोटी होती असं मला आजही वाटत नाही, आणि म्हणूनच त्याचा विचार करायला जड जातं.

नाना आता रिक्षा चालवतात, स्टेशन ते पिंप्राळा. रस्त्यात वरात दिसली की रिक्षा गल्लीबोळातून काढतात. गिऱ्हाईक वैतागतं, एवढा वळसा कशाला म्हणून विचारतं. नाना सांगतात की पुढे रस्ता बंद आहे. गेल्या महिन्यात चाळीसगावकडचे एक घोडेवाले माझ्याकडे झूल शिवायला कापड घेऊन आले. निळी मखमल होती, अगदी उंची. मी कापड हातात घेतलं, त्यावरून बोटं फिरवली आणि त्यांना विचारलं, घोडा साज घालायच्या वेळी काय करतो? ते खुशीत येऊन म्हणाले, अहो ताई, साज दिसला की नाचायलाच लागतो! मी घडी घालून कापड परत दिलं. हातात कामं खूप आहेत म्हटलं. तेवढं खोटं बोलणं मला जमतं, गिऱ्हाइकांशी रोजच बोलते.

चांदणीची ती शेवटची सकाळ अशी होती. ऊन चढायच्या आत करायचं ठरलं होतं. गावाबाहेर नानांच्या भावकीचं पडीक रान आहे, तिथे जेसीबीने खड्डा खणून ठेवला होता, शेजारी चुन्याची पोती. पहाटे अक्का लाल मखमलीची झूल घेऊन शेडच्या दारात उभ्या होत्या. नाना म्हणत होते, राहू दे. अक्कांनी ऐकलं नाही. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती.

"आपन लेकले सासरले असं बोडकं धाडतंस का?" त्या म्हणाल्या.

खानदेशात सवाष्ण गेली तर तिला हळदी-कुंकू लावून, हिरवी साडी नेसवून नेतात. अक्कांच्या हिशेबी चांदणीने आयुष्यभर दुसऱ्यांची लग्नं मिरवली, तिला जाताना अंगावर काही नको? मलाही ते पटलं. नानांनाही पटलं. डॉक्टरांनी फोनवर एवढंच सांगितलं की अंगावरचं सगळं नंतर तिच्याबरोबर पुरावं लागेल. अक्का म्हणाल्या, तिचंच तर आहे. मग नानांनी हातमोजे घालून तिला सजवलं. कलगी, मोत्यांचा पट्टा, झूल, पायांत घुंगरं, तोंडात तो लगाम. वाटभर ती घुंगरं वाजवत चालली. मी आणि अक्का अंतर ठेवून मागून. दुकानं अजून उघडली नव्हती. दूध आणायला निघालेल्या एका माणसाने थांबून विचारलं की एवढ्या सकाळी कुणाचं लग्न आहे, आणि आम्ही मान खाली घालून पुढे निघालो.

रानात डॉक्टर आणि त्यांची दोन माणसं थांबली होती. डॉक्टरांनी जेसीबी आधीच बंद करायला लावला होता. कुठे आवाज नाही, फक्त लांबवर मोटारपंप चालू. त्यांनी नेहमीसारखा हात पुढे केला. चांदणीने हुंगला नाही. मान वर ताणली आणि जागच्या जागी पाय उचलायला लागली. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. घुंगरं अगदी तालात.

अक्कांनी हात जोडले. माझ्या अंगावर काटा आला. डॉक्टरांबरोबरचा माणूस म्हणाला, मुक्या जिवाला कळलं बघा, जाता जाता नाचून दाखवतेय. नाना ढसाढसा रडत होते, पण त्या रडण्यात अभिमान होता, मी पाहिला. डॉक्टरांनी मानेवर शीर चाचपली, सुई लावली, चांदणीने झटका दिला, सुई निसटली. पांढऱ्या मानेवरून रक्ताचा ओघळ आला. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तेच. पाय थांबत नव्हते. शेपटी आत दाबून धरलेली, कान मागे पडलेले, डोळ्यांचा पांढरा भाग दिसत होता. गळ्यावर फेस आला होता. सावद्याच्या फोटोत दिसतो तसाच फेस, आणि इथे ना ऊन होतं, ना बँड, ना नवरदेव.

डॉक्टर मागे सरल्या. "नाना, असं नाही करता येणार मला. शब्द दिलाय तुम्हाला."

नानांनी तिला चुचकारलं, तिच्याशी बोलले. मग झुलीखाली हात घालून तिच्या धडधडत्या छातीशी धरला. बराच वेळ तसाच धरून ठेवला. त्यांचं रडणं थांबलं. चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला, तो मी अंतरावरून पाहत होते.

"ती नाची नही ऱ्हायनी," ते म्हणाले. "घाबरी ऱ्हायनी."

ती नाचत नाहीये, घाबरलीय, हे कुणालाच ऐकायचं नव्हतं. अक्का म्हणाल्या, असं काय बोलता. नानांनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही. त्यांच्या डोळ्यांपुढून किती मांडव, किती रस्ते, किती खाटा जात असतील, ते तेच जाणोत. एवढी वर्षं जिला तळहातावर जपलं, तिच्या भीतीवर लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या मारल्या, आणि तिच्या खुरांवर पाणी मारत हा माणूस कौतुकाने शेजारी उभा राहिला. मला त्या क्षणी नानांकडे बघवेना. मायेने वागणाऱ्या माणसावर अशी वेळ येऊ नये.

मग त्यांनी साज उतरवायला घेतला. आधी घुंगरं, एकेका पायाची, वाकून, आवाज होऊ नये म्हणून मुठीत दाबून. मग कलगी. मोत्यांचा पट्टा. माझी झूल त्यांनी ओढली नाही, दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवली. शेवटी लगाम. तो तोंडातून काढताना आतली लोखंडी दातेरी कडी दिसली. मी झूल शिवली, पण लगाम असा जवळून कधी पाहिला नव्हता. गळ्यात नुसता सुताचा दोर राहिला. नाना दोर सैल सोडून उभे राहिले. डॉक्टर म्हणाल्या, तिला हवा तेवढा वेळ घेऊ दे, मला घाई नाही.

पाय लगेच थांबले नाहीत. हळूहळू एकेक टेकला. मग चांदणीने आधी अंग झाडलं, जबडा हलवला, जमीन हुंगली. वाळलेल्या गवताची एक काडी ओठांनी उचलली आणि चावत उभी राहिली. कान सैल पडले. नाकातून मोठा श्वास सोडला, तो आम्हाला मागे उभं राहूनही ऐकू आला. डॉक्टर पुन्हा जवळ गेल्या, हात पुढे केला. तिने हुंगला. सुई कधी गेली ते मला कळलंसुद्धा नाही. थोड्या वेळाने तिची मान खाली येत गेली, नानांच्या पोटाला टेकली, गुडघे मुडपले. नाना तिच्याबरोबरच खाली बसले. दुसरं इंजेक्शन दिलं तेव्हा ती गाढ झोपली होती.

डॉक्टरांनी छातीला नळी लावली, डोळ्याला बोट लावून पाहिलं, मग नानांच्या खांद्यावर हात ठेवला. "गेली. शांत होती हो शेवटी."

"हा," नाना म्हणाले. "मानसेसमा शांत ऱ्हायनी, पयल्यांदाच."

जेसीबीवाल्याला वाटलं आता झालं. त्याने इंजिन सुरू केलं. नानांनी दचकून हात वर केला, थांब म्हणून. डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या की नाना, तिला आता काही ऐकू जात नाही. नाना म्हणाले, माहीत आहे. पण त्यांनी हात खाली घेतला नाही. इंजिन बंद झालं, आणि आम्ही सगळे तसेच आवाज न करता उन्हात उभे राहिलो.